थिंक टँकचा चेहरा नको, कागद मागा: मराठी वृत्तसंपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी वृत्तवाहिन्या आणि दैनिकांचे संपादक, आउटपुट डेस्क व गेस्ट कोऑर्डिनेटर यांस,

स. न. वि. वि.

ऑपरेशन सिंदूर चालू असताना, ८ मे २०२५ च्या रात्री, भारतीय नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केल्याची 'बातमी' देशातल्या कितीतरी वाहिन्यांनी चालवली. सकाळी बंदर जागच्या जागी होते. त्या रात्रीबद्दल अँकरना, स्क्रोलला आणि स्टुडिओत वाजवलेल्या सायरनना बोल लावून झाले आहेत. हे पत्र पडद्यावर अँकरच्या शेजारी असलेल्या चौकटींबद्दल आहे. त्यांच्याखाली 'संरक्षण तज्ज्ञ' एवढीच पट्टी असते आणि त्यातले बरेच जण कुठल्या ना कुठल्या थिंक टँकशी, म्हणजे धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेशी, जोडलेले असतात.

या चौकटी का वाढतात हे तुम्हाला सांगायला नको. २६/११ ला ताजबाहेरून चाललेले थेट प्रक्षेपण हल्लेखोरांचे सूत्रधार पाकिस्तानात बसून पाहत होते. कसाब खटल्याच्या २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावरून वाहिन्यांना खडे बोल सुनावले. पुढे केबल टीव्हीच्या नियमांत ६(१)(पी) आला. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट चित्रण बंद झाले आणि नियुक्त अधिकाऱ्याच्या ब्रीफिंगवर भागवायचे ठरले. नियम योग्यच आहे. पण त्याचा परिणाम असा की दिवसाकाठी एखाद-दुसरे ब्रीफिंग, फार तर तासभर, आणि उरलेला सगळा दिवस दाखवायला काही नाही. तो वेळ तज्ज्ञांनी भरला जातो. सरकार कमी बोलू लागले की थिंक टँकचा आवाज आपोआप मोठा होतो. त्याला नवे काही सापडलेले असतेच असे नाही.

आमची तक्रार थिंक टँकांबद्दल नाही. त्यांच्या कामाला लेखी रूप असते, त्यात गृहीतके असतात, मर्यादा असतात, कुठली माहिती मिळाली नाही तेही लिहिलेले असते. स्टुडिओत येईपर्यंत हे सगळे गळून पडते आणि उरतो तो फक्त माणूस. आमचे म्हणणे एवढेच: युद्धाच्या काळात माणसाआधी त्याचा कागद मागा.

आधी पट्टीचे पाहू. 'संरक्षण तज्ज्ञ' या दोन शब्दांखाली अगदी वेगवेगळी घरे लपतात. युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन १८७० मध्ये सिमल्यात निघाली, ती प्रामुख्याने सेवेतल्या आणि निवृत्त अधिकाऱ्यांची संस्था आहे. आयडीएसए (इन्स्टिट्यूट फॉर डिफेन्स स्टडीज अँड अ‍ॅनालिसिस) १९६५ ची, म्हणजे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असतानाची. २०२० पासून तिला मनोहर पर्रीकरांचे नाव आहे. तिचा पैसा संरक्षण मंत्रालयाकडून येतो आणि सध्या संरक्षणमंत्रीच तिचे अध्यक्ष आहेत. क्लॉज (सेंटर फॉर लँड वॉरफेअर स्टडीज, २००४) भूदलाच्या छत्राखालची, नॅशनल मेरिटाइम फाउंडेशन (२००५) नौदलाच्या, आणि कॅप्स (सेंटर फॉर एअर पॉवर स्टडीज, २००१) हवाई दलाच्या अंगाने विचार करणारी. ओआरएफ (ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन) १९९० मध्ये रिलायन्सच्या पाठबळावर उभी राहिली. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्ट्रॅटेजिक स्टडीज आहे.

यातल्या कुणाला कमी लेखण्याचा प्रश्न नाही. पण भांडवली खर्चाची थैली एकच आहे आणि तिच्यात हात घालणारी दले तीन. विमानवाहू नौका हवी की लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रन, यावर दोन संस्थांचे पाहुणे भांडतात तेव्हा प्रेक्षकाला वाटते की दोन स्वतंत्र तज्ज्ञांचे मतभेद आहेत. प्रत्यक्षात तो दोन दलांमधला जुना हिशेब असतो. पट्टीवर संस्थेचे नाव आणि तिचा पाया आला, तर निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

पैशाची बाब अमेरिकेत अधिक मोजून झाली आहे. वॉशिंग्टनच्या क्विन्सी इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये तपासले की युक्रेनला शस्त्रे देण्याच्या विषयावर तिथली तीन मोठी दैनिके कोणत्या थिंक टँकांचे दाखले देतात. सुमारे ८५% दाखले शस्त्रकंपन्यांकडून निधी घेणाऱ्या संस्थांचे निघाले. याच संस्थेच्या जानेवारी २०२५ च्या मोजणीप्रमाणे, पहिल्या ५० थिंक टँकांना पाच वर्षांत संरक्षण कंपन्यांकडून ३ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली, आणि त्यातल्या १८ संस्था देणगीदारांची नावे सांगतच नाहीत. (क्विन्सीलाही स्वतःची भूमिका आहे, अमेरिकेने परदेशातल्या युद्धांपासून दूर राहावे ही. तीही पट्टीवर यायला हवी.) ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, इतके हे प्रकरण सरळ नसते. कंपनी निष्कर्ष विकत घेते असे क्वचितच घडते. ती विषय विकत घेते. क्षेपणास्त्रांचा साठा अपुरा आहे यावर पाच अहवाल निघतात आणि तहाच्या अटी कशा तपासायच्या यावर एकही निघत नाही. पाचही अहवाल प्रामाणिक असू शकतात. चर्चा मात्र त्यांनी आखलेल्या कुंपणातच होते.

पैसा स्वच्छ असला तरी पद्धत फसवते. याचे सर्वांत बोलके उदाहरण व्हिएतनामचे आहे. १९६४ मध्ये रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी थिंक टँकने सायगावमध्ये व्हिएत काँगचे, म्हणजे अमेरिकेविरुद्ध लढणाऱ्या कम्युनिस्ट गनिमांचे, कैदी आणि शरण आलेले लोक यांच्या मुलाखती घ्यायला सुरुवात केली. शेवटी सुमारे २,४०० मुलाखती आणि ६२,००० पानांच्या आसपास मजकूर जमला. पहिल्या फळीतले जोसेफ झॅसलॉफ आणि जॉन डॉनेल यांना दिसले की हे लोक चिवट आहेत, स्वतःला देशासाठी लढणारे समजतात. मग लिऑन गुरे आले. त्यांनी निष्कर्ष काढला की बॉम्बफेकीने शत्रूचे मनोधैर्य ढासळते आहे. वॉशिंग्टनला हवे होते ते हेच, आणि प्रकल्पाचा पैसा वाढला. पुढे कॉनराड केलन यांनी त्याच मुलाखती पुन्हा वाचल्या आणि मत दिले की हा शत्रू मोडणारा नाही.

ढीग एकच, निष्कर्ष दोन. चूक कुठे होती? बोलणारे सगळे लढाईतून बाहेर पडलेले होते. जे जंगलात टिकून होते ते मुलाखतीला येणार कुठून? कैदेत बसलेला माणूस, मध्ये दुभाषी, समोर परका प्रश्नकर्ता. उत्तर कुठल्या बाजूला झुकणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत त्याच हंडीतले हवे. म्हणून पाहुणा 'शत्रूचे मनोधैर्य खचले आहे' म्हणाला की अँकरने एकच प्रश्न विचारावा: हे कुणाशी बोलून कळले, आणि कुणाशी बोलता आले नाही?

आपल्याकडचे उदाहरण १९७१ चे. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात लष्करी कत्तल सुरू झाली आणि ३१ मार्चला दिल्लीतल्या एका परिसंवादात आयडीएसएचे संचालक के. सुब्रह्मण्यम म्हणाले की पाकिस्तान फुटणे भारताच्या हिताचे आहे आणि अशी संधी पुन्हा येणार नाही. दुसऱ्या दिवशी ते छापून आले. पाकिस्तानने ते वाक्य उचलले आणि भारताच्या कटाचा पुरावा म्हणून पुढे वर्षानुवर्षे मिरवले. गंमत अशी की सरकारने त्यांचे घाईचे वेळापत्रक मानलेच नव्हते. लष्करप्रमुख माणेकशांना पावसाळा संपायला हवा होता, हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद व्हायला हव्या होत्या. युद्धाला तोंड फुटले ते ३ डिसेंबरला. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेच्या संचालकाचे मत आणि सरकारचे धोरण यांत आठ महिन्यांचे अंतर होते. शत्रूने ते शून्य धरले.

आज हीच चूक उलट्या दिशेने रोज होते. इस्लामाबादच्या एखाद्या संस्थेतला संशोधक ट्विट करतो आणि आपल्याकडे पट्टी येते, 'पाकिस्तानची कबुली'. तो पाकिस्तान नसतो. त्याच्या संस्थेमागे परराष्ट्र मंत्रालय असले तरी नसतो. आणि आपल्या वाहिनीवर एखादे निवृत्त जनरल 'आता लाहोर घ्या' म्हणतात, तेव्हा त्याची क्लिप तिकडे अर्ध्या तासात 'भारताचा इरादा' म्हणून फिरते. दोन्हीकडचे डेस्क एकमेकांना दारूगोळा पुरवतात.

थिंक टँक धोरण खरेच बदलतात का? कधी झटक्यात. २००६ च्या डिसेंबरात इराकमधून हळूहळू बाहेर पडावे अशा अर्थाचा 'इराक स्टडी ग्रुप' या अमेरिकी अभ्यासगटाचा अहवाल ७९ शिफारशींसह आला. त्याच महिन्यात अमेरिकन एंटरप्राइज इन्स्टिट्यूट या थिंक टँकमध्ये फ्रेड केगन आणि निवृत्त जनरल जॅक कीन यांनी उलटी योजना मांडली आणि १० जानेवारी २००७ ला बुश यांनी २०,००० हून अधिक जादा सैनिक धाडण्याची घोषणा केली. ती योजना उचलली गेली याचे एक कारण तिच्यात आकडेमोड होती: किती ब्रिगेड, कुठून काढायच्या, बगदादमध्ये कुठे लावायच्या. बहुतेक वेळा मात्र काम मुंगीच्या पावलाने होते. कारगिलनंतर त्याच के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालची समिती २९ जुलै १९९९ ला नेमली गेली, अहवाल २३ फेब्रुवारी २००० ला संसदेत आला, त्यातून झालेल्या मंत्रिगटाने २००१ मध्ये चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ (तिन्ही दलांचा समन्वय पाहणारा प्रमुख) या पदाची शिफारस केली आणि पद भरले गेले १ जानेवारी २०२० ला. रात्री नऊच्या डिबेटला हे वेळापत्रक झेपणारे नाही, पण खरे काम इथेच होते.

आता नकाशे आणि उपग्रहचित्रे. सर्वांत जास्त घसरण इथे होते, म्हणून थोडे सविस्तर.

युक्रेन युद्धाचे जे नकाशे तुम्ही ग्राफिक्ससाठी उचलता ते बहुतेक इन्स्टिट्यूट फॉर द स्टडी ऑफ वॉरचे असतात. त्या नकाशाच्या कोपऱ्यातली रंगसूची वाचा. 'रशियन नियंत्रण' हा एक रंग. 'रशियन आगेकूच' हा दुसरा, आणि त्याची व्याख्या अशी की तिथे रशियन तुकड्या वावरल्या किंवा त्यांनी हल्ला केला, पण ताबा नाही. 'रशियाने दावा केलेला भाग' हा आणखी वेगळा. मराठी ग्राफिक्स करताना हे तिन्ही एकाच लाल रंगात जातात आणि गाव न पडताच पडते. शिवाय नकाशाला उशीर असतो. व्हिडिओ नेमका कुठला हे रस्ते, छपरे, झाडांच्या रांगा जुळवून ठरवल्यावरच रेघ हलते. नकाशावरची तारीख आणि वेळ कापून टाकू नका.

उपग्रहचित्राचे बालाकोट आठवा. २६ फेब्रुवारी २०१९ च्या हल्ल्यानंतर ४ मार्चचे एक व्यावसायिक चित्र आले, त्यात मदरशाच्या इमारती उभ्या दिसत होत्या. परदेशी थिंक टँकांनी त्यावरून मत दिले की नुकसान दिसत नाही. आपल्याकडचे उत्तर होते की ही शस्त्रे छताला लहान भोक पाडून आत फुटतात. त्या चित्राचे रिझोल्यूशन ७२ सेंटिमीटर होते, म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या ७२ सेंटिमीटरच्या चौकोनाएवढा. त्याहून लहान भोक फार तर एका ठिपक्याची छटा बदलेल, नाहीतर दिसणारच नाही. तेव्हा त्या एका चित्रावरून 'इमारत कोसळलेली नाही' एवढे नक्की म्हणता येते. 'आत काहीच झाले नाही' किंवा 'आत सगळे संपले' यातले काहीही म्हणता येत नाही. दोन्ही बाजूंचे पाहुणे नेमके तेच म्हणत होते. याउलट मे २०२५ मध्ये रहीम यार खानच्या धावपट्टीवरचा खड्डा चित्रात स्वच्छ दिसला, आणि ती धावपट्टी बंद असल्याची नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) खुद्द पाकिस्ताननेच काढली, पुढे अनेकदा वाढवली. दोन वेगळ्या वाटांनी आलेले पुरावे जुळले, तेव्हा ती बातमी पक्की झाली. चित्र दाखवताना चार गोष्टी सांगा: तारीख, ठिपक्याचा आकार, तुलनेचे 'आधीचे' चित्र कधीचे, आणि मधल्या काळात दुरुस्ती झाली असेल का.

आकड्यांबद्दल थोडक्यात. लंडनच्या आयआयएसएस या थिंक टँकच्या, जगभरच्या सैन्यबळाची नोंद करणाऱ्या वार्षिक पुस्तकातला रणगाड्यांचा आकडा हा यादीतला असतो, त्या सकाळी चालू होणाऱ्या रणगाड्यांचा नाही. स्टॉकहोमची सिप्री ही संस्था शस्त्रव्यापार मोजताना स्वतःचे एकक वापरते, ते उत्पादनखर्चावर बेतलेले असते, प्रत्यक्ष किमतीवर नाही. त्याचे रुपये करून प्लेटवर (पडद्यावरच्या मजकुराच्या चौकटीत) लावू नका. जर्मनीतल्या कील इन्स्टिट्यूटने युक्रेनला मिळणाऱ्या मदतीचा मुख्य आकडा २०२४ पासून 'कबूल केलेली' ऐवजी 'नेमून दिलेली' मदत असा धरला, कारण वचने आणि ट्रक यांत फार अंतर पडत होते. वॉरगेमचे, म्हणजे युद्धाची तालीम करून पाहणाऱ्या खेळाचेही तसेच. वॉशिंग्टनच्या सीएसआयएस या थिंक टँकने जानेवारी २०२३ मध्ये तैवानवरच्या चिनी आक्रमणाचा खेळ २४ वेळा खेळून पाहिला आणि बहुतेक वेळा आक्रमण फसले. २४ पैकी इतक्या वेळा म्हणजे तितके टक्के शक्यता, असे गणित मांडू नका. प्रत्येक फेरीत गृहीतके मुद्दाम बदललेली होती. जपानने तळ वापरू दिले नाहीत तर काय, हे कळावे म्हणूनच तो खेळ असतो. 'अमेरिका जिंकणार' या मथळ्यात बुडालेली जहाजे आणि पहिल्याच आठवड्यात संपलेली लांब पल्ल्याची जहाजविरोधी क्षेपणास्त्रे हरवतात, आणि अहवालाचा जीव नेमका तिथे आहे.

भाषांतराची एक खोड वेगळी सांगायला हवी. एजन्सीच्या इंग्रजी कॉपीत 'असेस' (अंदाज बांधणे) असते, मराठीत ते 'उघड झाले' होते. 'लाइकली' (संभाव्य) तर गळूनच पडते. अमेरिकी गुप्तचर लेखनाच्या नियमात 'लाइकली' म्हणजे ५५ ते ८०% आणि 'व्हेरी लाइकली' म्हणजे ८० ते ९५%, असे ठरलेले आहे. आपण 'शक्यता आहे', 'बहुधा', 'जवळजवळ नक्की' अशी तीन पायऱ्यांची शिडी ठरवून डेस्कवर चिकटवली तरी पुरे. आणि 'लो कॉन्फिडन्स' म्हणजे गोष्ट घडण्याची शक्यता कमी असे नव्हे. हाताशी असलेला पुरावा कच्चा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मग डेस्कने करायचे काय? पाहुण्यांची वही आजच उघडा, शांततेत. युद्धाच्या रात्री फोन लावायला घेतले की जो पहिला उचलतो तोच तज्ज्ञ ठरतो. वहीत प्रत्येकासमोर निवृत्तीचे वर्ष, शाखा (तोफखाना, सिग्नल्स, रसद, पाणबुडी), संस्था, संस्थेचा पैसा, आणि कुठल्या संरक्षण कंपनीशी संबंध असल्यास तो, एवढे हवे. वीस वर्षांपूर्वी पायदळातून निवृत्त झालेल्या ब्रिगेडियरना हवाई संरक्षणाच्या रडारवर बोलवायचे आणि ते चुकले की हसायचे, हा त्यांच्यावर अन्याय आहे. रसदेतला माणूस बोलवा. लढाई किती दिवस चालेल हे त्याला जास्त कळते.

अहवाल आला तर शेवटाकडून वाचा. आधी निधी आणि आभाराचे पान, मग पद्धत, मग गृहीतके, आणि सारांश सगळ्यांत शेवटी. वीस मिनिटांत हे होते, आणि एक प्रोड्यूसर त्यासाठी मोकळा ठेवणे परवडते. फोनोवर (फोनवरून थेट बोलताना) पाहुणा नवा दावा करू लागला की अँकरने 'हे आपल्या अहवालात आहे की आत्ताचा अंदाज?' एवढे विचारावे. खरा अभ्यासक या प्रश्नाने दुखावत नाही. आपल्या तुकड्या कुठे आहेत, पुढचा मारा कुठे होईल, असले प्रश्न त्याला विचारूच नका.

भाकितांची नोंद ठेवा: कोण, कधी, काय म्हणाले, आणि ते कधीपर्यंत तपासता येईल. फेब्रुवारी २०२२ मध्ये कीव्ह काही दिवसांत पडेल असे मोठमोठ्यांनी सांगितले होते. सीएसआयएसने निदान सप्टेंबर २०२४ मध्ये पाश्चात्त्य विश्लेषक रशियन सैन्याबाबत इतके कसे चुकले याचा सबंध अभ्यास छापला. आपल्याकडे चुकलेला पाहुणा पुढच्या संकटात त्याच चौकटीत परत येतो, आणि त्याला मागचे कुणी विचारत नाही. दर तीन महिन्यांनी नोंद उघडून अर्ध्या तासाचा कार्यक्रम केला तर तो बघितला जाईल, असे आम्हाला वाटते.

आणि उशिराने येणाऱ्या माहितीसाठी जागा राखा. ऑपरेशन सिंदूरमध्ये आपली विमाने पडल्याचे चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ जनरल अनिल चौहान यांनी ३१ मे २०२५ ला सिंगापुरात मान्य केले. निमित्त शांग्री-ला डायलॉगचे, म्हणजे आयआयएसएस या थिंक टँकच्या परिषदेचे. ३ जूनला ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात भविष्यातल्या युद्धांवर बोलले. ७ ते १० मे या चार रात्रींत आपल्या पडद्यांवर या विषयावर जेवढे बोलले गेले, त्याहून जास्त या दोन प्रसंगांतून कळले. तोवर युद्ध थांबून तीन आठवडे झाले होते आणि चर्चेच्या चौकटी दुसऱ्या विषयांकडे वळल्या होत्या.

पट्टीचा नमुना देतो, म्हणजे आमचे म्हणणे हवेत राहणार नाही. पहिली ओळ: 'निवृत्त एअर कमोडोर, २०११, वाहतूक विमाने'. दुसरी ओळ: 'संस्था: अमुक, निधी: संरक्षण मंत्रालय, मत वैयक्तिक'. अ‍ॅस्टनमध्ये (पडद्यावरच्या नावाच्या पट्टीत) दोन ओळी मावत नसतील तर दर मिनिटाला आलटून-पालटून दाखवाव्यात. दैनिकांना तर जागेची अडचण नाही, लेखाखालच्या परिचयात एक वाक्य वाढेल. चूक झाली तर दुरुस्ती त्याच स्लॉटमध्ये, त्याच आकाराच्या प्लेटवर यावी. पहाटे चारच्या स्क्रोलमध्ये नको.

कळावे,
आपले,
संरक्षण धोरणाचे काही अभ्यासक
पुणे